उजेडाला धरून

प्रत्येक घरात एक तात्या असतो. नावानं तो अण्णा असेल, नाना असेल, पुण्यात राहत असेल तर नुसता काका असेल; पण निवृत्तीनंतर तीन महिन्यांच्या आत ज्याच्या हाताला माळ्यावरचा डबा लागतो आणि पुढची सहा वर्षं जो घरातल्या मेलेल्या माणसांची हजेरी घेत बसतो, तो तात्याच.

आमचे तात्या बारामतीचे. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढलेली, त्यामुळे शिल्लक जुळली पाहिजे हा एकच धर्म त्यांना ठाऊक. आधी उसाचं टनेज जुळवायचे, आता माणसं जुळवतात.

डबा डालड्याचा. आत आजोबांनी काढलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह. आजोबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, सासऱ्याकडून मानपानातल्या घड्याळाऐवजी मागून घेतलेला. हा कॅमेरा तेव्हा बडोद्याला बनायचा आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. बारा म्हणजे बाराच. म्हणून आजोबा एका फोटोत मावतील तेवढी माणसं कोंबत. थोरल्या काकांच्या मुंजीच्या एका निगेटिव्हमध्ये सत्तावीस डोकी आहेत आणि ज्याची मुंज होती तो त्यात नाही. पुढे पस्तीस मिलिमीटरचे रोल आले, छत्तीस फोटोंचे. ते धाकट्या काकांनी गोधडीत डोकं घालून अंधारात कॅमेऱ्यात भरले आणि छत्तिसाचे अडतीस करून दाखवले. त्यातले पहिले दोन कायम गोधडीचेच आले, हे त्यांनी रोल धुवून आल्यावर कुणाला सांगितलं नाही. तात्यांनी आता सांगितलं.

तात्यांचं काम दुपारी दोनला सुरू होतं. बारामतीत मे महिन्यात दुपारी दोनला काय असतं ते मी सांगायला नको. तात्या जेवणाच्या टेबलावर येतात, लग्नात बँडवाले घालतात तसले पांढरे हातमोजे चढवतात आणि पहिला हुकूम सोडतात : "पंखा बंद!" पंख्यानं धूळ उडते, धूळ निगेटिव्हवर बसते आणि स्कॅन केल्यावर आजीच्या गालावर केवढा तरी तीळ उमटतो. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. शिंकायचं असेल तर अंगणात. फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. त्यासाठी रबरी फुग्याची फुंकणी आहे. काकू एकदा म्हणाल्या, "एवढं सोवळं तुमच्या आईनं देवाला पाळलं नाही."

दुधी काचेचा तुकडा खाली, त्याखाली नातवाचा टॅब पांढरा पेटवून ठेवलेला. तात्या बटर पेपरच्या पाकिटातून एकेक पट्टी काढतात, कडेला धरतात आणि बघत बसतात. निगेटिव्हमध्ये माणूस बघायला वेगळी नजर लागते. केस पांढरे, कुंकू पांढरं, धोतर काळंभोर. घरातले गोरे लोक काळे पडलेले, आणि आयुष्यभर काळी म्हणून ऐकून घेतलेली धाकटी काकू त्या पट्टीत सगळ्यांत उजळ. ती पट्टी तिनं मागून नेऊन स्वतः दोनदा बघितली.

मग स्कॅनर. साधा नव्हे, झाकणातही दिवा असलेला, कारण निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. हा कुठून आणला, केवढ्याला आणला हे काकूंना अजून पूर्ण कळलेलं नाही. जेवढं कळलं तेवढ्यावरच त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या. सहा फ्रेमच्या पट्टीला किती वेळ लागतो असं तात्यांना विचारलं तर ते मिनिटांत सांगत नाहीत. "एक चहा," म्हणतात. रंगीत निगेटिव्ह असेल तर दोन, कारण तिच्यावर मुळातच नारिंगी झाक असते आणि ती काढताना एकदा अख्खं लग्न निळं होऊन जातं.

डब्याला वास येत होता. काकू म्हणाल्या, लोणचं नासलंय. नासली होती फिल्म. जुन्या फिल्मचा पाया अ‍ॅसिटेटचा. उष्णतेनं, दमटपणानं तो सडायला लागला की त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि एकीचा वास शेजारणीलाही बिघडवतो. हे वाचल्यापासून तात्यांनी घरात विलगीकरण सुरू केलं. आंबट निगेटिव्ह वेगळ्या, गोड वेगळ्या. गोड निगेटिव्ह हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, कारण थंडीत ही सड मंदावते. काकूंच्या फ्रिजमध्ये आता शेवग्याच्या शेंगा, कुरडया आणि आमची १९६८ सालची पंगत एका कप्प्यात राहतात. नायट्रेट फिल्म त्याहून वाईट, ती पेट घेते; २००३ साली पुण्यात जुन्या चित्रपटांची कितीतरी रिळं अशी जळाली. हे वाचलं त्या रात्री तात्यांनी भिंग घेऊन प्रत्येक पट्टीची कड तपासली. कडेला बारीक अक्षरांत 'सेफ्टी' असं छापलेलं सापडलं, मगच झोपले.

हिशेबात मात्र खोट निघालीच. धाकट्या आत्याच्या लग्नाच्या तीन पट्ट्या कमी. तात्यांनी महिनाभर चौकशी चालवली. शेवटी मला कबूल करावं लागलं. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. आम्ही सहा भावंडं गच्चीवर, आणि काळा चष्मा घरात एकच. मी डब्यातल्या पट्ट्या कापून प्रत्येकाला दुहेरी तुकडा दिला होता. रंगीत निगेटिव्हनं सूर्य बघणं म्हणजे डोळे गहाण टाकणं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे डोळे शाबूत राहिले, लग्न गेलं. तात्यांनी वहीत नोंद केली : 'तीन पट्ट्या — ग्रहणखाती खर्च.'

या जमातीचा दुसरा अवगुण म्हणजे 'ओळखा पाहू'. पहाटे पाचला घराण्याच्या ग्रुपवर एक फोटो पडतो. त्यात चार माणसं, एक म्हैस. खाली, 'डावीकडून तिसरे कोण? (म्हैस सोडून.)' सातपर्यंत उत्तर आलं नाही तर आठला फोन. एका फोटोच्या कडेला नुसता एक कोपर आहे, पांढऱ्या शर्टाचा. थोरल्या काकांचं म्हणणं, तो साहेबांचा. बारामतीत साहेब म्हटलं की आडनाव विचारायचं नसतं. तात्यांनी तो कोपर मोठा करून बघितला, आणखी मोठा केला, तेव्हा त्यातून फक्त दाणे निघाले. काकांनी तरीही त्याची चौकट करून दिवाणखान्यात लावली आहे.

एका माणसानं तर तात्यांची झोप उडवली. टोपी, बारीक मिशा, हातात छत्री. आमच्या घरातल्या चौदा कार्यांत तो हजर. काटेवाडीला पालखीपुढं परीटांनी धोतराच्या पायघड्या अंथरल्यात त्या फोटोतही तो मागं उभा. ना सोयरा, ना भाऊबंद. तात्यांनी नाव ठेवलं 'अनोळखी क्रमांक एक'. इंदापूरच्या आत्याला दाखवला तर ती बघताक्षणी म्हणाली, "आरं हा सोसायटीचा सचिव. आपलं पीककर्ज थकलेलं. लग्नात किती जेवणावळी घालतोय ते बघायला यायचा."

ही आत्या घरात सगळ्यांत थोरली. निवृत्त झालेल्या तात्यांना ती अजून बाळ्या म्हणते. तिचा 'दाखवायचा' फोटो स्टुडिओतला, मागं पडद्यावर रंगवलेला तलाव आणि दोन हंस. त्याची निगेटिव्ह तात्यांनी तिरक्या उजेडात धरली तेव्हा गालांवर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा दिसल्या. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवरच टोकदार पेन्सिल चालवून चेहरा गुळगुळीत करत. आत्याला लहानपणी देवी आल्या होत्या. कागदावरच्या फोटोत एक व्रण नाही. तात्यांनी हा शोध आनंदानं ग्रुपवर टाकला. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, बावन्न वर्षांनी एक शब्द लिहिला : 'तरीच.' आत्या महिनाभर तात्यांशी बोलली नाही. मामांशी त्याहून जास्त दिवस.

आता तात्यांचं दुखरं बोट. निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली तर चित्र सुलट. तात्यांनी पहिली दीड वर्षं उलट धरली. त्यात आजीचा पदर उजव्या खांद्यावर जाऊन ती गुजराती झाली, आजोबांचं घड्याळ उजव्या हातात गेलं, एसटीचं स्टिअरिंग डावीकडे सरकून बारामती-इंदापूर गाडी अमेरिकेत धावू लागली. एसटीवरची पाटी उर्दूसारखी उजवीकडून वाचायची वेळ आली तेव्हा तात्यांच्या लक्षात आलं. मग पदर बघून, घड्याळं बघून त्यांनी एकेक फोटो सुलटा केला. तीनशे अकरा. शिल्लक जुळली असं त्यांनी जाहीर केलं.

पदर, घड्याळ, पाटी यांतलं काहीच नसलेला एक फोटो मात्र तसाच राहिला. जुन्या पळसदेवातल्या आमच्या घराचा. नुसत्या भिंती, दार, एक लिंबाचं झाड आणि मागं पळसनाथाच्या देवळाचं शिखर. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, जुनं पळसदेव पाण्यात गेलं, माणसं वर उठून आली. उजनीची पूर्ण साठवण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की पेपरात येतं, उजनी उणे. आमच्याकडे सगळे 'मायनसमध्ये गेली' म्हणतात. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि पळसनाथाचं देऊळ पाण्याबाहेर येतं.

२०२४ च्या मेमध्ये उजनी खोल मायनसमध्ये गेली तेव्हा तात्यांनी मोहीम काढली. आम्ही बारामतीहून भिगवणवरून, आत्या आणि मामा इंदापूरहून. भिगवणला मासळीचं जेवण झालं. तात्यांनी रश्शाच्या हातानं मोबाइलला शिवू दिलं नाही. मग भेगाळलेल्या गाळातून चालत देवळापर्यंत. तात्यांनी मोबाइलवर घराचा फोटो काढला, शिखराशी शिखर जुळवलं आणि उजवीकडे बोट केलं. "घर हिकडं."

आत्या देवळाकडे तोंड करून उभी राहिली. डोळे मिटले. मग डावीकडे वळून चालू लागली.

"आक्का, फोटोत उजवीकडं आहे!"

"फोटो गेला खड्ड्यात. मी ह्या वाटंनं देवाला पाणी घालायला यायची. कळशी ह्या कमरेवर, आणि सूर्य ह्या गालावर."

दोघं अर्धा तास भांडली. थोरले काका पुराव्याच्या बाजूनं, काकू आत्याच्या. मामांनी देवीच्या प्रकरणापासून मत देणं सोडलं होतं. शेवटी डावीकडे दगडी जोत्याची एक ओळ गाळातून वर आलेली सापडली, दाराच्या जागेला खंड असलेली. तात्यांनी मोबाइलकडे पाहिलं. चष्मा पुसला. मग काही न बोलता फोटो आडवा उलटवला, आणि लिंब, दार, शिखर सगळं आपापल्या जागी येऊन बसलं.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "माझं माहेर पालथं छापलंस की रं."

ती जोत्याच्या खंडात उभी राहिली आणि आता हितं माझा एक फोटो काढ म्हणाली. तात्यांनी मोबाइल उचलला, बटण दाबलं. मोबाइलनं सांगितलं, जागा शिल्लक नाही. तीन हजार फोटो भरले होते त्यात. मग मामांनी आपल्या मोबाइलनं काढला, आणि एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला. तात्यांनी तो कापू दिला नाही; आजोबांच्या निम्म्या फोटोंत अंगठा आहे म्हणाले.

पुढे पावसाळ्यात वरच्या धरणांचं पाणी आलं, उजनी प्लसमध्ये गेली आणि जोतं पाण्याखाली. घराची निगेटिव्ह काकूंच्या फ्रिजमध्ये आहे, कुरडयांच्या वरच्या डब्यात. पाकिटावर, चकचकीत बाजूच्या अंगाला, तात्यांनी लाल पेननं लिहिलंय, 'ही बाजू आपल्याकडे.'