वाचाल तर फसाल

बारावीचा निकाल लागला की आर्ट्सच्या मुलाला नातेवाईक एक प्रश्न विचारतात आणि एक हुकूम सोडतात. प्रश्न असा, की सायन्सला का नाही गेलास? आणि हुकूम असा, की मग निदान इंग्लिश तरी घे. इतिहास घेतला तर पोरगं वाया गेलं, मराठी घेतलं तर घरचे शेजाऱ्यांना विषयच सांगत नाहीत. इंग्लिश म्हटलं की मात्र काकालोक समाधानाने मान डोलावतात. तीन वर्षांनी पुतण्या फाडफाड बोलायला लागणार आणि हिंजवडीत कुठेतरी चिकटणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. अभ्यासक्रमात चॉसर आणि मिल्टन आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगितलंच तर ते स्पोकन इंग्लिशच्या क्लासचे दोन मास्तर असावेत, अशी त्यांची समजूत होते.

आईबापांच्या पोटात मात्र एक भीती असते. साहित्य म्हणजे पुस्तकं वाचणं आलं, आणि पुस्तकं वाचून पोरं बिघडतात. कविता करतात, प्रेमात पडतात, मोठ्यांना उलट प्रश्न विचारतात. अशा सर्व पालकांना या सदरातून जाहीर दिलासा देण्यात येत आहे, की घाबरू नका. इंग्रजी साहित्याची पदवी एकही पुस्तक न उघडता मिळवण्याची चोख व्यवस्था आपल्याकडे आहे. ती काल-परवाची नाही. तिला परंपरा आहे.

या परंपरेचे आद्य पुरुष लॉर्ड मेकॉले. २ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांनी हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयीचं आपलं ते गाजलेलं टिपण लिहिलं. आपल्याला संस्कृतही येत नाही आणि अरबीही येत नाही, हे त्यांनी त्यात प्रामाणिकपणे कबूल केलं. आणि लगेच, या दोन्ही भाषांतलं सगळं वाङ्मय युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाच्या एका फळीचीही बरोबरी करू शकत नाही, असा निकाल दिला. काही भाषांतरं वाचली होती, जाणकारांशी बोलणं झालं होतं. तेवढ्यावर भागलं. मूळ ग्रंथाला हात न लावता त्याच्याविषयी ठाम मत देण्याच्या या कलेला आज आपण ‘क्रिटिकल अप्रिसिएशन’ म्हणतो आणि तिला दहा मार्क ठेवतो.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि आपली पोरं पदवीसाठी शेक्सपिअर घोकायला बसली. खुद्द ऑक्सफर्डमध्ये मात्र इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १८९४ साल उजाडलं आणि केंब्रिजमध्ये १९१७. म्हणजे साहेबाने हे औषध आधी नेटिवांना पाजून पाहिलं, कुणी दगावत नाही अशी खात्री करून घेतली आणि मग आपल्या पोरांना दिलं. देण्याआधी तिथे कुरकुरही झाली. फ्रीमन नावाचे इतिहासाचे एक प्राध्यापक होते. साहित्याचा अभ्यास म्हणजे शेलीच्या नावाने चकाट्या पिटणं, आणि माणसाच्या रसिकतेची काही परीक्षा घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बिचाऱ्यांनी आपली विद्यापीठं पाहिली नव्हती. आपण रसिकतेची परीक्षा घेतो, तिचे इंटर्नल मार्क देतो आणि एटीकेटीही देतो.

त्या काळी शिकवायलाही तसेच लोक असत. कवी वर्डस्वर्थ यांचा नातू मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य होता. आजोबांच्या कवितेत काही अडलं तर थेट घरातल्या माणसाला विचारायची सोय होती. आज ती कविता सीएचबीवरचे सर शिकवतात. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व : जेवढे तास, तेवढे पैसे, आणि ते सुद्धा मिळतील तेव्हा. सर सकाळी एका तालुक्याला आणि दुपारी दुसऱ्या तालुक्याला वर्डस्वर्थ शिकवतात. निसर्गाशी एकरूप होणं त्यांना एसटीच्या खिडकीतून जमेल तेवढं जमतं.

अध्यापनाची पद्धत ठरलेली आहे. सर कवितेची ओळ इंग्रजीत वाचतात, अर्थ मराठीत सांगतात आणि उत्तर गाइडमधून इंग्रजीत उतरवून देतात. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असायलाच हवा, असं विद्यापीठाच्या कुठल्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही. मुलांचं लक्ष तिसऱ्या गोष्टीकडे असतं, कारण पेपरला तीच येते.

गाइडला नाकं मुरडणारे लोक आहेत. त्यांना इतिहास ठाऊक नसतो. शेक्सपिअरची नाटकं गोष्टीरूपात सोपी करून देण्याचा उद्योग चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावाबहिणीने १८०७ सालीच केला होता. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात १९५८ साली ‘क्लिफ्स नोट्स’ निघाल्या, त्यांचीही सुरुवात शेक्सपिअरपासूनच झाली. आणि टी. एस. एलियट? ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ मध्ये पुस्तकरूपाने काढताना त्याने शेवटी स्वतःच टिपा जोडल्या. कवीनेच गाइड लिहायला घेतल्यावर आमच्या पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या पुस्तकबाजाराने काय पाप केलं? त्या टिपाही कुणाला कळेनात, म्हणून टिपांवर गाइडं आली, हा भाग वेगळा. गंमत म्हणजे ती कविता संपते बृहदारण्यक उपनिषदातल्या संस्कृतवर. आमची पोरं ते संस्कृत गाइडातल्या इंग्रजीतून पाठ करतात आणि सरांकडून मराठीत समजून घेतात. मेकॉलेसाहेब आज असते तर त्यांना भरून आलं असतं.

परीक्षेची तर मुळीच काळजी नको. शेक्सपिअरच्या चार थोर शोकांतिका आपण चार शब्दांत बसवल्या आहेत. हॅम्लेटची चालढकल, ऑथेल्लोचा संशय, मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, आणि लिअरने हयातीतच प्रॉपर्टी वाटून टाकण्याची केलेली चूक. हे चार शब्द घ्यावेत, पुढे शेक्सपिअर १५६४ मध्ये स्ट्रॅटफर्डला जन्मला हे जोडावं, शेवटी तो कालातीत आहे असं म्हणावं आणि तीन पुरवण्या लावाव्यात. प्रश्न काय विचारला आहे याच्या नादी लागू नये. तपासणारेही लागत नाहीत. असाइनमेंट मोबाइल लिहून देतो, त्यामुळे तीत तर आता स्पेलिंगच्या चुकाही राहिल्या नाहीत.

गाइडचा दुसरा मोठा उपकार म्हणजे ते पोरांना सांभाळून घेतं. शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करावी का, असा विचार आहे. चंद्रपूरला पारा पंचेचाळिसावर गेलेला असताना ही तुलना करणाऱ्याचं लग्न टिकणार नाही. पण विद्यार्थी शांतपणे अलंकाराचं नाव लिहून पुढे जातो. ती प्रिय व्यक्ती बहुतेक अभ्यासकांच्या मते एक देखणा तरुण आहे, ही गोष्ट गाइड शहाणपणाने गाळतं. घरी उगाच प्रश्न नकोत.

पदवीनंतर एम. ए., मग नेट किंवा सेट. ही परीक्षा साहित्याच्या शिक्षकाची पात्रता ठरवते. खालील चार कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने लावा, डाव्या रकान्यातली पात्रं उजव्या रकान्यातल्या लेखकांशी जुळवा. कादंबरी वाचून जो रात्रभर जागा राहिला पण साल विसरला, तो अपात्र. ज्याने फक्त साल पाठ केलं, तो पुढच्या पिढीला साहित्याची गोडी लावायला पात्र. निवड अशी काटेकोर असल्यामुळे वर्गात वाचणारा माणूस सहसा पोहोचत नाही.

पूर्वी हा काटेकोरपणा नव्हता आणि त्यातून केवढे घोटाळे झाले पाहा. आगरकरांनी हॅम्लेट मुळातून वाचला आणि गप्प बसायचं सोडून त्याचं ‘विकारविलसित’ करून ठेवलं. पुढे तर इंग्रजीच्या विभागांनी कहरच केला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत आणि कथा लिहीत मराठीत. वसंत कानेटकर नाशिकला इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्यांनी लिहिलं काय, तर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’. विंदा करंदीकर इंग्रजीचे मास्तर, त्यांनी राजा लिअरलाच मराठी बोलायला लावलं. विलास सारंग इंग्रजीचे. भालचंद्र नेमाडे यांनी तर जन्मभर इंग्रजी शिकवून देशीवाद मांडला. पगार इंग्रजीच्या खात्यावर आणि उत्पन्न मराठीच्या, अशी ही उघड अफरातफर वर्षानुवर्षं चालू होती आणि एकाही सहसंचालकाने साधं स्पष्टीकरण मागवलं नाही.

आता ती गळती बुजवण्यात यश आलं आहे. आज प्राध्यापकाला वाचायला सवडच ठेवलेली नाही. नॅकचं मूल्यांकन होणार म्हणून त्याने पाच वर्षांच्या फायली रंगवायच्या असतात. प्रत्येक कवितेचा ‘कोर्स आउटकम’ लिहायचा, तो ‘प्रोग्राम आउटकम’शी जुळवायचा आणि कीट्सच्या व्याकुळतेतून तिसरं उद्दिष्ट किती टक्के साध्य झालं, ते एक्सेलमध्ये भरायचं. हे करून झाल्यावर माणसाच्या हातून कथा होत नाही. झालीच तर रजेचा अर्ज होतो.

एवढा बंदोबस्त असूनही एखादी मुलगी ग्रंथालयातून मूळ पुस्तक मागून नेते. हा धोका कसा ओळखावा, ते एका उदाहरणाने सांगतो. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ हे १८७९ सालचं नाटक अनेक ठिकाणी नेमलेलं असतं. लेखक नॉर्वेचा, पण आपल्याकडे इंग्रजी साहित्यात तोही खपून जातो. त्यातली नोरा शेवटी नवरा, मुलं आणि घर सोडून दार आपटून निघून जाते. हे ऐकून त्या काळी युरोपची झोप उडाली होती. जर्मनीत एका बड्या नटीने हा शेवट करायला साफ नकार दिला. आपण आपली मुलं कधीच सोडून जाणार नाही, असं तिचं म्हणणं. अखेर दुसऱ्याच कुणीतरी शेवट बिघडवण्यापेक्षा आपणच बिघडवलेला बरा, म्हणून इब्सेनने १८८० मध्ये दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांकडे पाहते आणि घरातच राहते. स्वतःच्याच या करणीबद्दल तो पुढे चडफडत राहिला.

जर्मन लोकांना नाटक बदलून घ्यावं लागलं, कारण त्यांच्याकडे आपली विद्यापीठं नव्हती. आपण एक शब्दही बदललेला नाही. नोरा आपल्याकडे दर वर्षी दार आपटून जाते आणि ‘स्त्रीमुक्तीची थीम स्पष्ट करा’ या प्रश्नाखाली सहा मुद्द्यांत परत येते. मुलगी ते सहा मुद्दे पाठ करते, दहापैकी आठ मिळवते आणि रविवारी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन जाते. मुलाकडचे विचारतात, शिक्षण काय? ती सांगते, बी. ए. इंग्लिश. सगळे खूश होतात.

नाटक मुळातून वाचलेली मुलगी मात्र बशी टेबलावर ठेवून मुलालाच दोन प्रश्न विचारते, आणि स्थळ जातं. गेल्या पिढीतल्या एकाही गाइडमुळे असं घडल्याची तक्रार नाही. तेव्हा पालकांनी प्रवेश बिनधास्त घ्यावा. प्रवेश फॉर्मबरोबर ग्रंथालयाचं कार्ड मिळतं, तेवढं मात्र आपल्याकडे काढून ठेवावं.