हजार टक्के पाठिंबा

कोणी इंग्रजीतून भरघोस पाठिंबा जाहीर केला, की आधी आपल्या खुर्चीचे चारही पाय जागेवर आहेत का ते पाहून घ्यावं. थॉमस ईगल्टन यांनी ते पाहिलं नव्हतं. १९७२ च्या जुलैत अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाने जॉर्ज मॅकगव्हर्न यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि मॅकगव्हर्न यांनी उपाध्यक्षपदासाठी मिझुरीच्या या सिनेटरना सोबत घेतलं. पंधरवडा व्हायच्या आत बातमी फुटली, की ईगल्टन पूर्वी नैराश्यामुळे रुग्णालयात राहिले होते आणि त्यांनी विजेच्या झटक्यांचे उपचारही घेतले होते. मॅकगव्हर्न यांनी लगोलग सांगून टाकलं, की आपण ईगल्टन यांच्या पाठीशी हजार टक्के उभे आहोत. शंभर नव्हे, हजार. ३१ जुलैला, म्हणजे आठवडाही उलटला नव्हता, ईगल्टन उमेदवारीतून बाहेर पडले.

शंभराच्या वरचे ते नऊशे टक्के बोलणाऱ्याच्या धास्तीचे असतात. नोव्हेंबरात मतदारांनी ५० पैकी ४९ राज्यांत मॅकगव्हर्न यांना नाकारलं. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा, एवढंच काय ते पदरात पडलं.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हे इतकं अंगवळणी पडलंय, की तिथले वार्ताहर 'व्होट ऑफ कॉन्फिडन्स' नुसता लिहीतच नाहीत, त्याच्याआधी 'ड्रेडेड', म्हणजे धडकी भरवणारा, असं लावतात. संघ ओळीने चार सामने हरतो. क्लबचा अध्यक्ष पत्रक काढतो, की मॅनेजरवर आमचा संपूर्ण विश्वास आहे. ते वाचून मॅनेजर घरी जातो आणि माळ्यावरची बॅग खाली काढतो. आपल्याकडे पक्षश्रेष्ठींनी 'मुख्यमंत्री बदलण्याचा प्रश्नच नाही' असं सांगितलं, की बंगल्यावरचे आचारीसुद्धा नव्या साहेबांना तिखट चालतं का, याची चौकशी सुरू करतात. दोन्ही देशांची परंपरा एकच.

ब्रिटिश साहेबाची तऱ्हा मात्र याहून बारीक. तो आकडा वाढवत नाही, आवाजही चढवत नाही, गुपचूप विशेषण बदलतो. १९८० साली सुरू झालेल्या 'येस मिनिस्टर' मालिकेत सर हम्फ्री हे मुरलेले सचिव हाताखालच्या बर्नार्डला शिकवतात, की मंत्र्याचा निर्णय 'वादग्रस्त' आहे म्हटलं तर त्यांची मतं जातील एवढाच अर्थ होतो. निर्णय हाणूनच पाडायचा असेल तर तो 'धाडसी' आहे म्हणावं, कारण त्याने निवडणूक जाते. कौतुकाने माणूस मारायची ही विद्या. 'क्वाइट गुड'चंही तसंच. अमेरिकन माणसाच्या तोंडी तो शेरा म्हणजे खरोखर छान. इंग्रजाच्या तोंडी बहुतेकदा 'चालेल, पण पुन्हा दाखवू नका'. हिंजवडीत बसून लंडनच्या साहेबाची मेल वाचणाऱ्याने पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी साहेब मूळचा कुठला, याची खात्री करून घेतलेली बरी.

या विद्येचं दैवत १८९५ साली 'पंच' साप्ताहिकात अवतरलं. जॉर्ज ड्यू मोरिए यांचं व्यंगचित्र होतं. बिशपच्या घरी न्याहारीला एक कनिष्ठ पाद्री बसलाय. बिशप म्हणतात, तुमचं अंडं खराब निघालेलं दिसतंय. पाद्री अजीजीने सांगतो, छे छे, त्याचे काही भाग तर उत्तम आहेत. त्या अंड्यावरून इंग्रजीत वाक्प्रचारच रूढ झाला. आपल्याकडे या पाद्र्याचे वंशज पुस्तक प्रकाशनाला प्रमुख पाहुणे म्हणून येतात. मुखपृष्ठ देखणं आहे. कागद चांगला वापरलाय. अर्पणपत्रिका तर डोळ्यांत पाणी आणते. पुढे पुस्तक आहे, त्याविषयी वेळेअभावी बोलता येत नाही.

संसदेच्या खालच्या सभागृहात टाळ्या वाजवणं ब्रिटिशांना शिष्टसंमत वाटत नाही. २०१५ साली स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नव्या खासदारांनी त्या वाजवल्या, तेव्हा सभापती बर्को यांनी त्यांना समज दिली. तिथे पाठिंबा द्यायचा तो 'हिअर, हिअर' असं गरजून. मुळात हे 'हिअर हिम', म्हणजे त्याचं ऐका. शेदोनशे माणसं 'ऐका, ऐका' म्हणून ओरडत असतात आणि त्या गदारोळात ज्याचं ऐकायचं त्याचंच ऐकू येत नाही. आपल्या संसदेने यावर तोडगा काढला आणि बाकं वाजवायला घेतली. तेवढ्या वेळात मुद्दा काय होता, हे विचारायची सोय राहत नाही.

'ओके'वर वेळ घालवत नाही. जगातला सर्वांत खपणारा हा होकार म्हणजे १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने मुद्दाम केलेला अशुद्धलेखनाचा विनोद. 'सगळं बरोबर' हेच चुकीचं लिहिलेलं. आपल्या कचेऱ्यांनी त्यावरही कडी केली. तिथे फाइलवर 'सीन' लिहून सही होते. पाहिलं, बस्. मंजूर की नामंजूर, हे चौकशी समिती बसल्यावर ठरवता येतं.

फेसबुकने २००९ च्या फेब्रुवारीत 'लाइक'चं बटण आणलं. तयार होत असताना त्याचं नाव 'ऑसम' होतं. ते बदलणाऱ्याचे आपण आभारच मानले पाहिजेत, नाहीतर आज कोणाच्याही श्रद्धांजलीखाली 'ऑसम' मोजत बसावं लागलं असतं. तरी व्हायचं ते झालंच. कुटुंबाच्या ग्रुपवर कोणी मोदकांचा फोटो टाकला की तीस सेकंदांत सुपर्ब, नाइस, ऑसम, ग्रेट यांची रांग लागते. मोदक खायला कोणी येत नाही. 'पाकळ्या जरा जाड झाल्यात' असं मराठीत लिहिणारी आत्या एकटीच असते, आणि तिने मोदक केलेले असतात.

इंग्रजी शाबासकीतला एकच शब्द आपण नीट कमावला, तो म्हणजे 'वन्समोर'. गंमत अशी, की इंग्लंडचा रसिक नाट्यगृहात 'वन्स मोअर' म्हणतच नाही. तो फ्रेंच शब्द वापरून 'आँकोर' म्हणतो. फ्रेंच माणसाला तो शब्द अशा वेळी सुचत नाही, तो लॅटिनमधला 'बिस' पुकारतो. प्रत्येकाला दाद द्यायला शेजारची भाषा लागते. संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकाने साहेबाला ठाऊक नसलेला साहेबाचा शब्द उचलला आणि त्याचं मराठी नाम करून टाकलं: वन्समोर घेतला, वन्समोर मिळाला, पदाला तीन वन्समोर पडले. पण या शब्दाला किंमत मोजावी लागे. नट पुन्हा गाणार, नाटक लांबणार, पहाट होणार, आणि ओरडणारा तिथेच बसून राहणार. सकाळी त्याला कामावर जायचं असे. अंगठ्याचं चित्र पाठवणाऱ्याची एक मिनिटाची झोप मोडत नाही. बालगंधर्वांना 'नाइस' म्हणून पिटातला प्रेक्षक पुढच्या नाटकाला पळतोय, हे चित्र काही डोळ्यांसमोर येत नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेला माणूस म्हणजे अमेरिकन सैन्यातला अभियंता हेन्री रॉबर्ट. त्याच्यावर एकदा सभा चालवायची पाळी आली, तिचा पार बोजवारा उडाला, म्हणून त्याने १८७६ साली सभाशास्त्राचं पुस्तकच छापलं. त्या परंपरेत ठरावाला 'सेकंड' करणाऱ्याला तो ठराव पटलेला असण्याची गरज नाही. त्यावर चर्चा व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं. नंतर त्याने खुशाल विरोधात मत द्यावं. आपण त्या सेकंडरला अनुमोदक केलं आणि बिचाऱ्याच्या गळ्यात अख्खा ठराव बांधला.

रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या ठरावाला अनुमोदक मिळेना, तेव्हा मी सचिवांना म्हटलं, घाला माझं नाव, हजार टक्के. प्रत्येक फ्लॅटमागे किती वर्गणी बसणार, ते अजून ठरलेलं नाही. तो आकडा परवडणारा निघाला तर मी अनुमोदक आहे. नाहीतर सेकंडर.