दोन किलोचं शेकरू, तीन किलोची लेन्स

वाघाचा फोटो काढण्यात निम्मा पुढाकार वाघाचाच असतो. तो स्वतःहून रस्त्यावर येतो, ऐटीत चालतो आणि मागे दहा जिप्सी लागल्या तरी चाल बदलत नाही. ताडोब्याला जाऊन वाघाच्या फोटोशिवाय परतलेल्या माणसाकडे लोक संशयानं बघतात. खरी परीक्षा घेतात ती लहान जनावरं. फोकस लागेपर्यंत मुंगूस बांधापलीकडे गेलेलं असतं. उदमांजर आपण झोपल्यावर कामाला निघतं. साळिंदर येऊन गेल्याचं सकाळी पडलेल्या काट्यावरून कळतं. त्यातल्या त्यात दिवसाउजेडी हिंडणारं आणि राज्यप्राणी असल्यामुळे थोडीफार सार्वजनिक जबाबदारी मानणारं एकच, ते म्हणजे शेकरू. अशा समजुतीनं माझ्या मेहुण्यानं मे महिन्यात भीमाशंकर ठरवलं आणि ट्रायपॉड धरायला माणूस हवा म्हणून मला ठरवलं.

मेहुण्याकडे सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे. तिचं वजन तीन किलो. ज्याच्यासाठी ती घेतली ते शेकरू भरपेट जेवलं तरी दोन किलोच्या आसपास. एसटीत लेन्स खिडकीशी बसली, मेहुणा तिच्याशेजारी आणि मी ट्रायपॉडसकट मधल्या वाटेत. घोडेगाव मागे पडलं, डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा कंडक्टरनं चौकशी केली.

“काय हाय हे?”

“लेन्स. शेकरूचा फोटो काढायचाय.”

“मग मला सांगायचं की!” म्हणत त्यानं मोबाईल काढला. फोटोत हिरव्या गर्दीत तांबूस काहीतरी होतं. मेहुण्यानं ते मोठं करून पाहिलं आणि म्हणाला, “शटर स्पीड कमी पडलाय.”

“एसटी चालू होती ना,” कंडक्टर म्हणाला.

भीमाशंकरच्या अभयारण्याची घोषणा 1985 साली झाली, तीही प्रामुख्यानं शेकरूसाठी. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 130 चौरस किलोमीटरचं हे जंगल. पण येणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव लोक ज्योतिर्लिंगासाठी येतात, आणि उरलेला एक त्यांच्या वाटेत ट्रायपॉड उभा करतो. मेहुण्यानं पायऱ्यांच्या बाजूला लेन्स वर रोखली मात्र, पाच मिनिटांत तीसेक भाविक आमच्याभोवती माना वर करून उभे राहिले. वर काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्हालाही. एका काकूंनी खबरदारी म्हणून हात जोडले. मागून आलेल्यांनी रांग हीच समजून नंबर लावले.

एवढा श्रोतृवर्ग मिळाल्यावर मेहुणा गप्प बसणं शक्य नव्हतं. 1831 साली साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं पश्चिम घाटातल्या शेकरूला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं होतं, हे त्यानं उंच आवाजात सांगितलं. “म्हणजे स्टेशनला होतं तेच नाव ना?” एका मुंबईकरानं विचारलं. “ते स्टेशन 2018 साली प्रभादेवी झालं. शेकरूचं काय केलं मग?” याचं उत्तर मेहुण्याकडे नव्हतं. शेकरूही त्या दिवशी बाजू मांडायला आलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या खानावळीत मामा भेटले. जवळच्याच वाडीतले, हिरडा गोळा करण्यात उभी हयात गेलेली. “सकाळी सहाला या, अन् ती तीन काठ्यांची घोडी आणू नका,” एवढंच बोलले. या माणसाबद्दल मला तत्काळ आदर वाटला.

सकाळी आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो. मेहुण्याची नजर शेंड्यांवर, त्यामुळे प्रत्येक मुळाशी त्याची ओळख पायाच्या अंगठ्यानं होत होती. मामा मात्र खाली बघत चालले होते. मेहुणा माझ्या कानात म्हणाला, “दाजी, यांना सांगा ना, शेकरू झाडावर असतं.” मी सांगितलं नाही. जन्मभर झाडावर राहणाऱ्या आणि जमिनीवर क्वचितच पाय टेकणाऱ्या प्राण्याची बातमी जमिनीवर छापून येते, हे थोड्याच वेळात कळलं. एका जांभळाखाली मामा वाकले आणि अर्धवट कुरतडलेली जांभळं उचलून पाहिली. एक सुकलेलं होतं, ते टाकलं. दुसरं अजून ओलं होतं, ते मेहुण्याच्या तळहातावर ठेवलं.

“आत्ताच न्याहारीला बसलंय.”

तेवढ्यात वरून तिसरं जांभूळ लेन्सच्या हुडवर पडलं.

वर खरंच शेकरू होतं. तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपका. आम्हाला बघताच ते फांदीला असं चिकटलं की फांदीला फक्त किंचित सूज आल्यासारखं दिसत होतं. ही त्याची जुनी युक्ती आहे. वरून मोरघार आणि खालून बिबट्या अशा दुहेरी शेजारात राहणाऱ्याला न हलण्याची कला यावीच लागते. मेहुण्याला ती येत नाही. तो हलला, तसं शेकरू खोडाच्या पलीकडच्या बाजूला गेलं. मेहुणा पलीकडे गेला, शेकरू अलीकडे आलं. झाडाभोवती अशा काही प्रदक्षिणा झाल्यावर मामा म्हणाले, “देऊळ तिकडं हाय.”

अखेर शेकरूनंच माघार घेतली आणि मागच्या पायांनी फांदी पकडून, डोकं खाली सोडून, पुढच्या दोन पायांत जांभूळ धरून ते पुन्हा खायला लागलं. फोटोसाठी याहून चांगली मुद्रा असू शकत नाही. अडचण लेन्सचीच होती. तीस फुटांवर तिच्यात जेमतेम दोन फुटांचं जग मावतं, आणि शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट. तोंड घेतलं तर शेपूट बाहेर, शेपूट घेतली तर राज्यप्राणी बाहेर. मागे सरकायला जावं तर करवंदीची जाळी. मेहुणा तिच्यातही शिरला. तिथून शेकरू पूर्ण मावत होतं, पण मध्ये अंजनाची फांदी येत होती.

“मागे आकाश पांढरं फटक, खाली उजेड नाही, आयएसओ किती वाढवू?” तो जाळीतून ओरडला. मी म्हटलं, “करवंदं पिकलीत का बघ.”

तेवढ्यात शेकरूनं न्याहारी आटोपली, फांदीच्या टोकाशी धावत गेलं आणि वीसेक फुटांवरच्या हिरड्यावर झेपावलं. त्या क्षणी मेहुण्यानं जे दाबलं त्यातून एकाच सेकंदात वीस फोटो निघाले. एकोणिसांत आकाश, एकात शेपूट.

दुपारी खानावळीत त्यानं मामांना कॅमेऱ्यातले निवडक फोटो दाखवले. एक खरोखर देखणा होता. डोळ्यातली चमक, मिशांचा केस न् केस स्पष्ट, आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. या वितळण्यासाठीच लाखो रुपये मोजलेले असतात. मामांनी तो बराच वेळ पाहिला.

“झाड कुठं गेलं?”

“ते मुद्दाम धूसर केलंय मामा. शेकरू उठून दिसावं म्हणून.”

“पण मग हे बसलंय कशावर?” मामांना खरोखरच काळजी वाटत होती. त्यांच्या हिशेबात शेकरू म्हणजे जांभूळ, अंजन, उंबर, हिरडा यांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असण्याची पावती होती. मधलं एक झाड तुटलं की उडी तोकडी पडते, आणि जमिनीवर उतरलेलं शेकरू कुणाच्याही तोंडी लागतं. एकाच शेकरूची बारीक फांद्यांच्या टोकांना अनेक घरटी असतात. जड जनावर तिथवर पोचत नाही. त्यातलं वापरातलं कुठलं आणि सोडलेलं कुठलं, हे मामा खालून सांगत होते. मेहुण्याच्या तीन किलोत यातलं काहीच मावलं नव्हतं.

मेहुणा हट्टी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोठी लेन्स खोलीवर ठेवली, छोटी लावली आणि अख्ख्या रानाचा फोटो काढून आणला. मामा खूश झाले. “हां! हे जांभूळ, हा हिरडा, हे नवं घरटं, त्याच्या वर जुनं.”

“आणि शेकरू?”

“कुठंय?”

मेहुण्यानं फोटो मोठा केला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. शेवटी एका तांबूस ठिपक्यावर त्यानं बोट ठेवलं. मामा म्हणाले, “ते वाळकं पान.”

मेहुण्यानं विषय बदलला. या जंगलात पिसोरीही आहे, फूटभर उंचीचं हरीण, असं त्यानं वाचलं होतं. तिचा फोटो कुठे मिळेल?

“ती राती निघती. अन् रातचं रानात हिंडायला कुणी सोडीत नाय.”

“मग तिचा फोटो काढतात कसा?”

“नाय काढीत,” मामा म्हणाले. “बिनफोटोची बी बरी जगतीया ती.”