देऊळगाव राजाच्या नियोजित रेल्वे स्थानकास अनावृत पत्र

प्रति,
मा. रेल्वे स्थानक (नियोजित),
देऊळगाव राजा, जि. बुलढाणा.

विषय : आपले काम कधीही न रखडल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

मुंबईच्या मावसभावाचा परवा फोन आला होता. बराच वेळ तो फक्त फलाटाबद्दल बोलत होता. त्याच्या स्टेशनाचे नूतनीकरण चालू आहे. एक फलाट खोदून ठेवलाय, जुना पूल बंद केलाय, नवा पूल हवेतच थांबलाय, सरकता जिना प्लास्टिकात गुंडाळून उभा आहे. जिकडेतिकडे निळे पत्रे. पत्र्यांवर तयार झालेल्या स्टेशनाचे चित्र, चित्रात हिरवीगार झाडे आणि घाई नसलेली माणसे. पत्र्यांमागे मात्र एकही माणूस नाही. गाडी कुठल्या फलाटावर येणार हे गाडी आल्यावर कळते आणि मग सगळे पुलाकडे धावतात, म्हणजे बंद पुलाकडे. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही गावाकडचे लोक सुखी आहात रे."

मला ते पटले, म्हणून हे अभिनंदनाचे पत्र. आपल्या फलाटावर आजवर एक फरशी उखडली गेली नाही. आपला पादचारी पूल एक दिवसही बंद राहिला नाही. चुकीची उद्घोषणा नाही, पाणी नसलेला नळ नाही, कुलूप लावलेले स्वच्छतागृह नाही. आपल्याकडे एकही गाडी उशिरा आलेली नाही. भारतीय रेल्वेत असे निष्कलंक रेकॉर्ड दुसऱ्या कुणाचे असेल असे वाटत नाही.

आमचे खरेखुरे स्टेशन म्हणजे जालना. तीसेक किलोमीटरवर, पण जिल्हा वेगळा आणि महसूल विभागही वेगळा. ते स्थानकांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत आहे. या योजनेत ६ ऑगस्ट २०२३ रोजी एकाच दिवसात देशभरातल्या ५०८ स्थानकांची पायाभरणी झाली. २२ मे २०२५ रोजी १०३ स्थानकांची उद्घाटने झाली, त्यांत महाराष्ट्रातली १५. मूर्तिजापूर, सावदा, धुळे, लासलगाव अशी नावे यादीत होती, जालना नव्हते. जालनेकरांनी यावर खुशाल चिडावे. पण काम हळू चालले म्हणून चिडायलासुद्धा काहीतरी चालू असावे लागते, आणि ते सुख आमच्या नशिबी नाही.

आपल्या कुंडलीतला दोष मी शोधून काढला आहे. आपण ज्या जालना–खामगाव मार्गावर उभे राहायचे, त्यातल्या खामगावला रेल्वे आली १८७० साली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता, तेव्हापासून साहेबाचा डोळा वऱ्हाडच्या कापसावर. जलंब ते खामगाव असा तेरा किलोमीटरचा फाटा टाकला आणि त्या एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जालन्याला १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली हैदराबाद–मनमाड लाइन आली. मध्ये राहिलो आम्ही. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मोगलाई. साहेबाला मोगलाईत रूळ न्यायची निकड नव्हती आणि निजामाला वऱ्हाडात आणायची नव्हती.

साहेब गेला, निजाम गेला. १९५६ मध्ये दोन्ही मुलूख एका राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. रेल्वेला मात्र हे कुणी कळवलेले दिसत नाही. जालना आजही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, मुख्यालय सिकंदराबाद. खामगाव मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, मुख्यालय मुंबई. म्हणजे आपण अजून सरहद्दीवरच उभे आहात. उभे म्हणजे, म्हणायला.

आता मुख्य गोष्ट, सर्वेक्षण. गाडी नाही याचे दुःख जुने झाले, त्याची सवय झाली. सर्वेक्षणाची होत नाही. जालना–खामगाव मार्गाची मागणी आमच्या आजोबांनी केली, वडिलांनी केली, आता आम्ही करतो. दर पिढीला कुणीतरी येऊन मोजून जाते. माणसे येतात, दुर्बिणीतून पाहतात, दगड रोवतात, चहा पितात, जातात. पेपरात 'रेल्वेमार्गाला गती' असा मथळा येतो. गती म्हणजे फाइलची, मुंबईहून दिल्लीला आणि दिल्लीहून मुंबईला. मग कुणीतरी खासदार लोकसभेत प्रश्न विचारतो आणि उत्तर येते की व्यवहार्यता तपासली जात आहे.

ही व्यवहार्यता कशी तपासतात ते मला एका निवृत्त रेल्वेवाल्याने समजावले. नव्या मार्गातून गुंतवणुकीवर किती टक्के परतावा मिळेल ते पाहतात. वर्षानुवर्षे ही पट्टी १४ टक्क्यांची होती. आमच्या गावाला १४ टक्के. इथे सोयाबीन विकून गुंतवणुकीवर चार टक्के सुटले तर शेतकरी बालाजीला पेढे वाहतो! आणि वाहतूक मोजतात कुठे, तर जिथे रूळच नाही तिथे. इथला भाजीपाल्याच्या बियाण्याचा सीड प्लॉटवाला शेडनेटमधला माल जालन्याच्या कंपनीला गाडीने पोचवतो, तो रस्त्याच्या हिशेबात. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला येणारी माणसे एसटीच्या हिशेबात. १२ जानेवारीला जिजाऊंच्या दर्शनाला सिंदखेड राजाला लोटणारी गर्दी पोलिसांच्या हिशेबात. शेगावला जाणारे वारकरी पायीच जातात, ते कुणाच्याच हिशेबात नाहीत. रेल्वेच्या रकान्यात काय उरले? शून्य. मग अहवाल लिहितो की या भागात रेल्वेने प्रवास करणारे कुणी आढळले नाही. कसे आढळतील हो? (बियाण्याच्या पुड्यांना मालगाडी लागत नाही हे मला मान्य आहे. पण ते बियाणे पेरून पिकवलेला कांदा आणि टोमॅटो पुड्यांत मावत नाही, हेही कुणीतरी लिहावे.)

राजकारणाला दोन ओळी पुरेत. २०२१ ते २०२४ या काळात देशाचे रेल्वे राज्यमंत्री होते रावसाहेब दानवे, म्हणजे शेजारच्याच जालन्याचे खासदार. आम्हांला वाटले, आता आपल्या अंगणात रूळ पडणार. पडणार आहेत, पण दुसऱ्या अंगणात. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव मार्ग मंजूर केला, १७४ किलोमीटर, ७,१०६ कोटी. अजिंठ्याला रेल्वे हवीच, जळगावकरांचे मनापासून अभिनंदन. आमच्या मार्गाचा निम्मा खर्च उचलायला राज्य सरकार तयार झाले, मग आम्ही पुन्हा पेढे वाटले. आता उरलेल्या निम्म्याची वाट पाहतो आहोत.

महोदय, आपण नसल्यामुळे कुणाचाच फायदा झालेला नाही असेही नाही. जमिनीच्या दलालांचे भलेच झाले. गेल्या महिन्यात मेव्हण्यासोबत एक प्लॉट पाहायला गेलो. दलाल म्हणाला, "स्टेशनसमोरचा आहे, म्हणून रेट जास्त." मी विचारले, कुठले स्टेशन? "येणार आहे." बरे, मग स्टेशन नेमके कुठल्या बाजूला? त्याने उजवीकडे हात केला, मग थोडा विचार करून डावीकडे केला. म्हणाला, "काहीही झाले तरी समोरच येतं." मेव्हण्याने चौरस फुटामागे जादा पैसे मोजले. आपल्या नावावर झालेली ही पहिली तिकीटविक्री असावी.

समृद्धी महामार्गाचे मी काही म्हणणार नाही. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याची घोषणा २०१५ ला झाली आणि २०२५ च्या जूनमध्ये तो नागपूरपासून मुंबईजवळपर्यंत पूर्ण खुला झाला. आमच्या तालुक्यातून जातो. म्हणजे सरकारला जमीन घेता येते, पूल बांधता येतात, बोगदे खणता येतात, दहा वर्षांत काम संपवता येते. येत नाही असे आजवर वाटत होते, तो गैरसमज दूर झाला. त्याने राग कमी न होता वाढला.

कारण आमची पोरे अजून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनेच पुण्याला जातात. शिकायला, कंपनीत कामाला, एमपीएससीच्या क्लासला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळून गेली. रेल्वे असती तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. नागपूरहून पुण्याला गाड्या आहेतच. पण त्या दिवशी या भागातल्या किती घरांतून पुण्याला फोन गेले असतील! "तू त्या गाडीत नव्हतास ना?" त्यानंतरही पोरे दिवाळीला तसल्याच बसने येतात, दुसरे काय करतील? जालन्याहून रात्रीची गाडी पकडायची तर आधी जालन्याला पोचावे लागते आणि संध्याकाळची एसटी चुकली तर काळीपिवळीवाला म्हणेल ते द्यावे लागते. अशा घरांत परताव्याचे टक्के वाचून दाखवायला कुणी येत नाही. सर्वेक्षणवाल्यांनो, या एकदा. तिथे बसून सांगा की वाहतूक आढळली नाही.

असो. रागावलो ते आपल्यावर नाही. आपला काय दोष? नसलेल्या वस्तूला इतके छळलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. दर निवडणुकीला आपल्याला उठवतात, फलकावर चढवतात, भाषणात आणतात, मतदान संपले की पुन्हा निजवतात. आपल्या नावावर प्लॉट विकतात. आंदोलन समितीवाले चिखलीला उपोषणाला बसतात तेव्हा त्यांच्या मंडपात आपला फोटो लावायचा म्हटले तर तोही नाही. कुणी आपल्याला तोडत नाही की सुधारत नाही. मावसभावाच्या स्टेशनाला निदान शिव्या तरी मिळतात. आपल्याला तेवढाही मान नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

म्हणून एक छोटी मागणी. जालन्याचे काम संपेल तेव्हा तिथले जुने पत्रे भंगारात जातील. त्यांतले दहा-वीस इकडे आणून कुठल्याही पडीक जागेभोवती उभे करावेत आणि त्यांवर झाडे आणि निवांत माणसे असलेले चित्र लावावे. मग आम्हीही मुंबईला फोन करून सांगू, की अरे, आमच्याकडे काम फार रखडले आहे.

कळावे,
देऊळगाव राजा येथील एक नागरिक

प्रत माहितीसाठी :
मध्य रेल्वे, मुंबई.
दक्षिण मध्य रेल्वे, सिकंदराबाद.
(पाकीट कोणी उघडायचे ते दोघांनी आपसांत ठरवावे. त्यासाठी सर्वेक्षण नेमू नये.)