हिरवी पाटी, बिनधुराचा खोळंबा

पावसाळ्यात रविवारी भुशी धरणाच्या वाटेवर हल्ली प्रगती दिसते. रांग तेवढीच लांब, पण तिच्यात अधूनमधून हिरव्या नंबरप्लेटच्या मोटारी उभ्या असतात. त्या धूर सोडत नाहीत. पुढेही सरकत नाहीत, पण पर्यावरणाला धक्का न लावता अडकतात. काचा बंद, एसी चालू, हातात मक्याचं कणीस. सरकारनेही २०२५च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांना टोलमाफी देऊ केली. म्हणजे घाटातला खोळंबा तोच, फक्त फुकट.

उतारावर ब्रेक दाबला की बॅटरी भरते, हे मालक असं सांगतात की जणू आजच सकाळी शोध लागला. बोरघाटाला त्याचं नवल नाही. जीआयपी रेल्वेची ‘खेकडा’ इंजिनं सुमारे शंभर वर्षांपूर्वी घाट उतरताना वीज परत तारेत सोडायची. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन तर पहिल्यापासून विजेवर घाट चढते, तीही शेकडो माणसं एकदम घेऊन. तिला हिरवी पाटी नाही. सेल्फीही तिच्यासोबत कुणी काढत नाही.

वीज येते कुठून, हे मात्र विचारू नये. तेव्हा रेल्वेसाठी ठाकुर्लीच्या वीजघरात कोळसा जळायचा. घाट स्वच्छ, धूर कल्याणच्या वाट्याला. आता तो मान चंद्रपूरसारख्यांचा. तिथे लोक वाघ बघायला जातात. चिमण्या कोण बघतो?