दोन सरकारं आणि माझा लॅपटॉप

आर्थिक भूगोलात पीएचडी करणाऱ्याला लग्नाच्या बाजारात भाव नाही, म्हणून मी त्याला डेटा सायन्सची जोड दिली. या विद्येत पायपीट नाही. उपग्रहानं टिपलेला रात्रीचा उजेड मोजायचा: उजेड जास्त तिथं पैसा जास्त. पुण्यात बसून हे तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या जिवती तालुक्यावर लावलं. शेजारच्या गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांपाशी पडदा लखलखला, माणिकगडचा डोंगर चढू लागला तसा अंधार. म्हणजे डोंगरावर माणसं कापूस, तूर पिकवतात ती बहुधा हौसेनं.

खरा घोळ पुढेच. तालुक्यातली मुकादमगुडा, परमडोली, अंतापूर वगैरे १४ गावं महाराष्ट्राच्या मतदारयादीत आणि तेलंगणाच्याही. मी पायथनला फर्मावलं, दुबार नोंदी काढ. त्यानं दोन्हीकडच्या काढल्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून जो वाद भिजत पडलाय, तो माझ्या लॅपटॉपनं एका ओळीत मिटवला. गावंच शिल्लक ठेवली नाहीत. मी त्यावर रंगीत आलेखही काढला. मार्गदर्शकांनी तो पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एकदा जाऊन या."

मुकादमगुड्यात एका आजीच्या ओसरीवर टॅबलेट उघडला. पहिलाच प्रश्न: राज्य. पर्याय एकच निवडायचा, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आजीनं पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं, आणि पत्ते पिसल्यासारखी माझ्यापुढं मांडली.

"कोणतं लिहू?"

"दोन्ही लिवा की."

"यंत्र एकच घेतं."

"मग यंत्राला इथं कशाला आणलं?"

याचं उत्तर माझ्या संशोधन आराखड्यात नव्हतं. मी महाराष्ट्र दाबलं. आजी म्हणाली, तिकडं म्हातारपणाची पेन्शन २०१६ रुपये, इकडं १५००. यंत्राला ठावं हाय का? यंत्राला नव्हतं. मलाही नव्हतं. गावात मराठी शाळा, तेलुगू शाळा, सरपंच दोन. "कापूस कोणत्या राज्यात विकता?" या प्रश्नावर ओसरीवरचे सगळे हसले. "भाव जिकडं, राज्य तिकडं," कोणीतरी मागून म्हणालं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्यानं चार शब्दांत उरकलं, आणि संदर्भसूचीही मागितली नाही.

मग प्रश्न आला जमिनीचा.

"पट्टा कोणत्या सरकारचा?"

"कोन्याच न्हाई."

हे उत्तर मात्र यंत्रानं तक्रार न करता घेतलं. शून्य, आणि पुढचं पान लगेच उघडलं.

"अन् तुमची किती जमीन?" आजीनं विचारलं.

म्हटलं, पुण्यात भाड्यानं राहतो. एका खोलीत. तीही अर्धी.

तिनं आत नातवाला हाक मारली, "आरं, सायबाला च्या टाक. बिचाऱ्याकडं एकबी सरकार न्हाई अन् पट्टाबी न्हाई."