टोपणनावाने राहावे कसे? बंगळूरला नव्याने आलेल्यांसाठी

हे मार्गदर्शन पुण्याहून, नागपूरहून किंवा बेळगावहून नोकरीसाठी बंगळूरला आलेल्या आणि आल्याआल्या 'माझी माहिती माझ्यापाशीच राहिली पाहिजे' असं वाटू लागलेल्या होतकरूंसाठी आहे. पूर्वानुभवाची अट नाही. एक मोबाइल लागेल आणि तो आधारशी जोडलेला लागेल. हसू नका, पुढे कळेल.

पायरी पहिली: नाव घेणे

हे खरं तर मराठी माणसाला शिकवावं लागू नये. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. एकाच माणसाची तीन नावं आणि प्रत्येकाची पत वेगळी. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या, लग्न न झालेल्या बायकांच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही विभावरी शिरूरकर आहे तरी कोण, यावर लोकांनी तर्कांचा पाऊस पाडला. मालतीबाई बेडेकर हे उत्तर पुढे मिळालं. त्या काळी पुस्तक छापायला ओटीपी लागत नसे, हा त्यांचा मोठाच फायदा.

तर नाव घ्या. त्यात गाव, जन्मसाल आणि कुलदैवत घालू नका. 'खंडोबा_९६_सातारा' हा बायोडेटा झाला.

पायरी दुसरी: जिभेला आवर

नाव बदललं तरी बोली बदलत नाही. २०१३ साली रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या इंग्रजी लेखकाची कादंबरी संगणकाला वाचायला दिली, शब्दांच्या सवयी मोजल्या आणि जे. के. रोलिंग यांच्याकडे बोट दाखवणारा पुरावा हाती आला. मराठीत संगणकाचीही गरज नाही. ग्रुपवर कुणी 'होय की' लिहिलं की तो बेळगावचा. 'काय बे' लिहिलं की विदर्भातला. आणि मधूनच कानडी वळणाचं 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' आलं, तर माणूस इथे मुरला आहे, हेही कळतं. उपाय एकच: पाठ्यपुस्तकातलं मराठी लिहा. मग तुम्हाला कुणी ओळखणार नाही आणि वाचणारही नाही.

पायरी तिसरी: नंबर

इथे बहुतेक जण गळतात. नाव काहीही घ्या, खाली नंबर एकच असतो. यूपीआयचा पत्ता 'निनावी' ठेवा; पैसे पाठवणाऱ्याच्या पडद्यावर बँकेतलं नाव वडिलांच्या नावासकट झळकतं. सोसायटीच्या फाटकावर फोटो, नंबर आणि कुणाकडे जाणार ते द्यावं लागतं, म्हणून टोपणनाव फाटकाबाहेरच ठेवावं. व्हीपीएन घ्यावं म्हणाल, तर २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. ज्यांना ते पटलं नाही, अशा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले.

सरकारने मात्र आपल्याला एक टोपणनाव दिलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आधारच्या बारा आकड्यांऐवजी देता येणारा सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी २०१८ साली आला. हवा तेव्हा नवा काढा, जुना बाद करा. कल्पना उत्तम आहे. प्रयोग म्हणून एखाद्या लॉजच्या काउंटरवर हा आकडा सांगून पाहा आणि समोरच्याच्या चेहऱ्याचं निरीक्षण करा. मग झेरॉक्स द्या.

खासगीपणाच्या हक्काबद्दल कुणी वाद घातला तर बंगळूरचाच दाखला द्यावा. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातूनच नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तेव्हापासून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ज्या एका बंगळूरकराचं नाव आद्याक्षरांसकट पाठ असतं, तो हा खासगीपणा मागणारा माणूस. आधारची उभारणी ज्यांच्याकडे होती ते नंदन निलेकणीही याच शहरातले. एकाच गावात कुलूपवाला आणि किल्लीवाला असले की धंदा दोघांचाही चालतो.

पायरी चौथी: पत

आता अवघड भाग. नाव लपवणं एकवेळ जमेल, पण निनावी माणसाला उधार कोण देणार? २००१ साली एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की नवी नावं फुकट मिळू लागली की जुन्या पापांना कुणी भीत नाही. परिणामी प्रत्येक नवख्याकडे संशयाने पाहिलं जातं आणि नवखेपणाची किंमत त्याच्याकडून आधीच वसूल होते. हे वाचायला अमेरिकेपर्यंत जायला नको होतं. बंगळूरच्या घरमालकांनी हा सिद्धान्त कधीच अमलात आणलेला आहे: दहा महिन्यांचं भाडं अनामत. हल्ली काही ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर भागतं, पण तत्त्व तेच. तुम्ही कोण हे मला माहीत नाही, तेव्हा तुमच्या अनोळखीपणाचे एवढे लाख ठेवा.

मागच्या घरात तुम्ही तीन वर्षं पाच तारखेच्या आत भाडं दिलंत, पण ही पत कोरमंगलाहून एचएसआर लेआउटला येत नाही, सोफा येतो. ऑटोवाल्याचं तसंच. तो तीन-तीन अ‍ॅपांवर गाडी चालवतो. एकावर मिळवलेले तारे दुसऱ्यावर दिसत नाहीत. म्हणजे तुमची माहिती गावभर फिरते आणि तुमचं चांगलं वागणं तेवढं जागच्या जागी राहतं. खरं म्हणजे उलट व्हायला हवं होतं.

उलट कसं करायचं, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलं आहे. प्रत्येक संस्थेशी वेगळ्या टोपणनावाने व्यवहार करायचा. एका नावावर मिळालेला दाखला दुसऱ्या नावावर दाखवता यायचा, पण दोन्ही संस्थांनी वह्या शेजारी ठेवून जुळवल्या तरी माणूस एकच आहे हे कळायचं नाही. जुना मालक 'भाडेकरू चोख' एवढ्यावर गणिती शिक्का मारणार, नवा मालक शिक्का तपासणार, तुमचं नाव कुणाच्याच वहीत नाही. गणित पक्कं आहे. अडचण नव्या मालकाची आहे: त्याला शिक्का नको असतो. कुठली कंपनी, लग्न झालंय का, व्हेज की नॉनव्हेज, लिंक्डइन पाठवा. बारावीला नव्वद टक्के हवेत, पंचाहत्तर चालणार नाहीत, अशा दलालाच्या निरोपाचा स्क्रीनशॉट २०२३ साली देशभर फिरला होता. पंचाहत्तर टक्क्यांचा दाखला टोपणनावावर नेऊनही उपयोग नाही.

मग सगळी पत एका मध्यवर्ती वहीत न ठेवता लोकांनीच एकमेकांना द्यावी, असा एक पंथ आहे. आपल्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते: मुलाच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मावशीला विचारायचं. ही पद्धत चालते, कारण मावश्या मोजक्या असतात आणि बनावट मावशी तयार करायला कष्ट पडतात. संगणकावर त्या फुकट मिळतात. २००२ साली संगणक-संशोधक जॉन डूसर यांनी दाखवून दिलं, की नावं तपासणारं मध्यवर्ती कुणीच नसेल तर एकच माणूस हजार नावं घेऊन स्वतःलाच हजार शिफारसपत्रं देऊ शकतो, आणि हे पूर्णपणे रोखता येत नाही.

एक गंभीर सूचना इथेच. पत ही चांगल्याचीच साठते असं नाही. 'शामीविटनेस' या ट्विटर खात्याला 'इस्लामिक स्टेट'चा प्रचार करून सतरा हजारांवर अनुयायी मिळाले होते. ते कुठल्याशा युद्धभूमीवरून नव्हे, बंगळूरमधून एक नोकरदार चालवत होता. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने हे उघड केलं आणि काही दिवसांत त्याला अटक झाली. टोपणनावाचा हक्क मागताना हा मनुष्यही रांगेत आपल्या मागे उभा आहे, हे ठाऊक असू द्या. रांग सोडू नका, पण ठाऊक असू द्या.

पायरी पाचवी: टोपणनाव सोडणे

कंटाळा आला तर खातं बंद करा. त्यासाठी नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी येईल. त्या नावाने मिळवलेले तारे, शाबासक्या, 'विश्वासू सदस्य' हा बिल्ला, सगळं तिथेच सोडावं लागतं. घर सोडताना मात्र अनामत परत मागा. रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. त्यावर वाद घालू नका, त्याला उत्तर नसतं. उरलेली रक्कम कुठल्या खात्यात पाठवू, असं मालक विचारेल. तिथे खरं नाव द्या, स्पेलिंग पासबुकातलं.